भिंतीकडची ओळ

वाळलेल्या रोपाच्या काटकीला बाईंनी पांढरी चिंधी बांधली, तिची गाठ दोन बोटांनी आवळली आणि मागे न पाहता हात पसरला. मुकादमाने त्या हातावर दुसरी चिंधी ठेवली. सकाळपासून हेच चालले होते. जिवंत रोपाला तांबडी चिंधी, मेलेल्याला पांढरी. मुकादमाच्या डाव्या खांद्यावरची तांबड्या चिंध्यांची जुडी जवळजवळ जशीच्या तशी होती. उजव्या खांद्यावरची मात्र निम्म्याहून कमी झाली होती.

सातवी ओळ संपली तेव्हा बाई थांबल्या. त्या वयाने मुकादमाच्या मुलीएवढ्या असतील. परंतु नगरपालिकेची रोपवाटिका त्या चालवत आणि झाडांच्या बाबतीत त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे, म्हणून लहानथोर सर्वजण त्यांना बाईच म्हणत. त्यांनी वहीत आकडा लिहिला आणि शाई वाळण्याच्या आत वही मिटली.

"किती?" मुकादमाने विचारले.

"चाळीसात अकरा."

"मेली?"

"जगली."

मागून पाण्याची बादली घेऊन मावशी येत होती. तिने वीस वर्षे या खाणीत खडी फोडली होती आणि आता ती रोपांना पाणी घाली.

"म्हणजे बोलावणं चाळीस जणांना आणि आले अकरा," ती म्हणाली. "यजमानाचा स्वभाव तपासायला पाहिजे."

"मावशी, तोंडाला जरा विश्रांती द्या."

"वीस वर्षं धुळीनं तोंड उघडू दिलं नाही मुकादम. आता कुठं हवा स्वच्छ झाली, तर तुम्ही बंद करायला सांगता."

मुकादम हसला नाही. त्याने पुढची चिंधी काढून हातात तयार ठेवली.

ती जागा पूर्वी डोंगर होती. पंचवीस वर्षांत माणसांनी तो पायरीपायरीने खाली उतरवला, त्याची खडी केली, आणि तो डोंगर रस्त्यांच्या, पुलांच्या व शाळांच्या पायाखाली निघून गेला. पायथ्याचे झरे आटले. दोरीवर वाळत घातलेले कपडे संध्याकाळपर्यंत राखी रंगाचे होऊ लागले. अखेरीस नगरपालिकेने खाण बंद केली, तेव्हा अठरा माणसे रिकाम्या हातांनी उभी राहिली. तथापि त्या वेळी सभेत कुणाला तरी सद्बुद्धी सुचली. उघड्या पडलेल्या सहा पायऱ्यांवर जंगल उभे करावे, आणि ज्यांनी डोंगर फोडला त्यांच्याच हातून ते करवून घ्यावे, असे ठरले. खालच्या पायरीवर चारशे ऐंशी रोपे लावायची. वर्षाने मोजणी करायची. निम्मी जगली तर वरच्या पाचही पायऱ्यांचे काम याच टोळीला मिळेल, म्हणजे अठरा घरांना सात वर्षांची निश्चिंती. न जगली तर बाहेरचा ठेकेदार तयारच होता. त्याचे यंत्र शिंक यावी तेवढ्या वेळात खड्डा पाडत असे, आणि त्याला तीन माणसे पुरत.

आज ती मोजणी होती.

आठवी ओळ, नववी, दहावी. अकराव्या ओळीच्या शेवटी बाईंनी वही उघडलीच नाही. सगळी पायरी पांढऱ्या चिंध्यांनी भरून गेली होती. दुरून पाहणाऱ्यास वाटले असते की कुणा मोठ्या कुटुंबाचे धुणे वाळत घातले आहे.

उरली बारावी ओळ. ती अगदी आतल्या बाजूला, खाणीच्या उंच कड्याला लागून होती. टोळीतले लोक तिला भिंतीकडची ओळ म्हणत. तेथे बाईंनी पहिल्या रोपापाशी हात पसरला तेव्हा मुकादमाने सवयीने पांढरी चिंधी दिली.

"ही नको," बाई म्हणाल्या. "तांबडी."

मग पुन्हा तांबडी. पुन्हा तांबडी. डाव्या खांद्यावरची जुडी भराभर सैल होऊ लागली. चाळीस रोपांपैकी सदतीस जगली होती, आणि काही तर बाईंच्या कमरेपर्यंत आली होती.

"भिंतीची सावली," बाई म्हणाल्या. "दुपारनंतर ऊन येत नाही इथे."

"हां, सावलीच," मुकादम म्हणाला.

ती ओळ कुणी खणली होती हे दोघांनाही ठाऊक होते, पण त्याचा उल्लेख करण्याचे कारण कुणालाच दिसले नाही.

ती मुकादमाच्या मेव्हण्याने खणली होती. मेव्हण्याला टोळीत नवरदेव म्हणत. कारण सकाळी कामावर येताना तो धुतलेला सदरा घालून येई आणि संध्याकाळी जवळजवळ तसाच परत नेई. खाणीच्या काळातही त्याला पहारीपेक्षा पहारीवर हनुवटी टेकवून उभे राहणे अधिक साधत असे. गेल्या वर्षी खड्डे खणताना इतर माणसे दिवसाला नऊ-दहा खड्डे करीत, तेव्हा हा तीन करी, आणि तेही असे की एक कड आत, एक बाहेर, मध्येच एखादा दगड जागच्या जागी राहिलेला.

"हा खड्डा आहे की जांभई?" मुकादमाने तेव्हा सगळ्यांदेखत विचारले होते.

"भाऊजी, झाडाला काय कळतंय? त्याला डोळे आहेत का?"

"मला आहेत."

त्याच दिवशी मुकादमाने त्याच्या हातची पहार काढून घेतली आणि त्याला पाण्याच्या टाकीवर बसवले. लावणीचा दिवस तोंडावर आला होता, म्हणून ती ओळ पुन्हा खणता आली नाही. एरवी मुकादमाने ती तशी राहू दिली नसती.

मुकादमाच्या हातून वाकडे काम होत नसे. यामागे एक कारण होते, जे तो कुणाला सांगत नसे आणि जे सर्वांना माहीत होते. एकोणीस वर्षांचा असताना त्याने सुरुंगासाठी पाडलेले एक भोक तळाशी हातभर तिरके गेले. दारू पेटली तेव्हा दगड जागचा हलला नाही, मात्र एक कपची उलटी उडून त्याला काम शिकवणाऱ्या उस्तादाच्या डोळ्यात शिरली. उस्तादाने दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या एवढेच म्हटले, "वाकडं भोक दगड फोडत नाही बाळा, माणूस फोडतं." त्यानंतर तीस वर्षे मुकादमाने प्रत्येक भोकात ओळंबा सोडून पाहिला.

रोपांच्या खड्ड्यांतही त्याने ओळंबा सोडला होता. अडीच फूट खोल, दोन फूट रुंद, गोल, आणि बाजू अशा की वरून टाकलेला खडा कुठेही न घासता तळाशी पडावा. मुरमाच्या भिंती ढासळू नयेत म्हणून तो त्यांवर पाणी शिंपडून थापीने चोपून घ्यायला लावी, इतक्या की आतून खड्डा भाजलेल्या घागरीसारखा चमके. नगरपालिकेचे लोक पाहायला आले होते, त्यांनी फोटो काढले. त्यातला एक म्हणाला होता, "यात झाड कशाला, धान्य साठवा." टोळीला त्याचा अभिमान वाटला होता. मुकादमाला तर फारच.

मोजणी संपली. एकशे अठ्ठ्याहत्तर. निम्मे म्हणजे दोनशे चाळीस. बाईंनी एक मेलेले रोप दोन्ही हातांनी धरून उपटले. ते बुंध्यापाशी मोडले, आणि मुळाचा मुठीएवढा गड्डा तेवढा हातात आला. मुळे एकमेकांभोवती गुरफटलेली होती. बाईंनी तो गड्डा उलटसुलट करून पाहिला.

"माझी चूक आहे मुकादम," त्या म्हणाल्या.

"तुमची?"

"रोपं पिशवीत दोन महिने जास्त राहिली. पिशवीत जागा संपली की मूळ गोल फिरायला लागतं. मग मोकळ्या जमिनीत लावलं तरी त्याला बाहेर जाणं सुचत नाही." त्यांनी गड्डा खाली ठेवला. "अहवाल उद्या सकाळी आणते. साक्षीदार म्हणून तुमची सही लागेल."

त्या पायरी उतरून गेल्या. त्यांची चाल रोजच्यासारखी नव्हती.

मुकादमाच्या छातीवरचा धोंडा उतरायला हवा होता, आणि थोडा उतरलाही. परंतु ज्याने जन्मभर भोके पाडली त्याला भोकाविषयी अर्धवट माहिती चालत नाही. सगळे डबा खायला गेले तेव्हा त्याने फावडे घेतले आणि तिसऱ्या ओळीतले एक मेलेले रोप न उपटता सबंध खणून काढले. हळूहळू, चारही बाजूंनी माती सोडवत.

मुळे पिशवीतून बाहेर पडली होती. गुंता सोडून ती चांगली वीतभर चालत गेली होती, सर्व दिशांना. आणि मग एका जागी, जणू कुणी हुकूम दिल्याप्रमाणे, सगळीच वळली होती. गोल फिरली होती, पुन्हा गोल, आणि पुन्हा, घागरीच्या आतून दोरी गुंडाळावी तशी. माती झटकली गेली तेव्हा मुकादमाच्या हातात जे उरले ते मूळ नव्हते. तो त्याचा खड्डा होता. दोन फूट रुंद, गोल, बाजू ओळंब्यात.

त्याने आणखी दोन रोपे खणली. तीही तशीच निघाली.

नंतर तो भिंतीकडच्या ओळीत गेला, एका तांबड्या चिंधीच्या रोपापाशी पोटावर पालथा झाला आणि बोटांनी माती उकरू लागला. एक मूळ सापडले. त्याच्या मागोमाग हात आत गेला, मनगट, कोपर. खड्ड्याच्या कडेला राहिलेल्या एका दगडाशेजारी फट होती, मूळ त्या फटीत शिरले होते, आणि खांद्यापर्यंत हात घालूनही त्याचे टोक त्याला लागले नाही.

"भाऊजी, काय पडलं आत?"

मेव्हणा वर उभा होता. सदरा स्वच्छ होता.

"काही नाही." मुकादमाने हात काढला नाही. "हा खड्डा तू कसा खणलास?"

"आता वर्षानं पुन्हा रागावणार?"

"रागावत नाही. सांग."

मेव्हण्याने आजूबाजूला पाहिले. हा प्रश्न सरळ आहे की सापळा, हे त्याला ठरवता येईना.

"कसा म्हणजे? पहार मारायची. जिथं जमीन हो म्हणेल तिथं पुढं जायचं. नाही म्हणाली की दुसरीकडून बघायचं."

"आणि हा दगड? हा का नाही काढलास?"

"तो नकोच म्हणत होता. त्याच्याशी भांडायचा कंटाळा आला."

"आणि भिंती चोपल्या नाहीस."

"तुम्ही पलीकडच्या ओळीत होता," मेव्हणा प्रामाणिकपणे म्हणाला.

मुकादम उठून बसला. त्याच्या बाहीला खांद्यापर्यंत माती लागली होती. त्याने ती झटकली नाही.

संध्याकाळी घरी बायको भांडी पुसून फळीवर लावत होती. बातमी त्याच्या आधी घरी पोचली होती.

"माझ्या भावाची ओळ जगली म्हणे."

"हं."

"आणि म्हणे सावलीमुळे." तिने एक पातेले जरा जोरातच ठेवले. "जन्मात एकदा त्याला कुणी शाबास म्हणायची वेळ आली, तर भिंत आडवी आली."

मुकादम हात धुऊन बसला. तो म्हणाला, "सावलीमुळे नाही जगली."

बायको वळली. तिने त्याचा चेहरा पाहिला आणि तिच्या आवाजातली धार गेली. तेवीस वर्षांच्या संसारात तिला या चेहऱ्याची ओळख होती. उस्तादांना भेटून आला की तो असा दिसे.

"मग कशामुळे?"

त्याने सांगितले. मुळाचे सांगितले, फटीचे सांगितले. तिने मध्ये एकही शब्द टाकला नाही, ही त्या घरात दुर्मीळ गोष्ट होती.

"बाई काय म्हणतात?" तिने शेवटी विचारले.

"त्या स्वतःवर घेतात. त्यांना माहीत नाही."

"आणि तुम्ही सांगितलं तर?"

"टोळीचं काम जाईल बहुतेक."

"आणि नाही सांगितलं तर?"

बायकोने हातातले फडके पिळले, दोरीवर टाकले, आणि त्याच्या कडा बराच वेळ सारख्या करीत राहिली. ते फडके आता पांढरे राहत असे.

"तुम्ही विचारताय का सांगताय?" ती म्हणाली.

"सांगतोय."

"मग आता जेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी पायरीवर जमली होती. बाई आल्या, दगडावर बसल्या आणि अहवाल वाचून दाखवू लागल्या. भाषा सरकारी होती, तरी अर्थ सर्वांना कळला. रोपे पिशवीत ठरल्यापेक्षा अधिक काळ राहिली. त्यामुळे मुळांची वाढ खुंटली. याची जबाबदारी रोपवाटिकेची आहे. खोदणाऱ्या टोळीच्या कामात दोष आढळला नाही, सबब तिला पुन्हा संधी मिळावी.

सुटकेचा एक श्वास सगळ्यांनी एकदम सोडला. पूर्वी खाणीत डंपर चालवणारा, ज्याला सगळे अजूनही डंपरवाला म्हणत, त्याने तर टाळीच वाजवली आणि मग बाईंकडे पाहून हात खाली घेतला.

बाईंनी कागद मुकादमापुढे धरला. मुकादम चार इयत्ता शिकला होता. त्याने कागद घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ओठ हलवत वाचला. पेन मात्र घेतले नाही.

"मग रोपवाटिकेचं काय होईल?"

"बंद करतील," बाई म्हणाल्या. "सात बायका आहेत तिथे. त्या बघतील कुठेतरी. मीही बघेन."

"आणि पुढच्या वर्षी रोपं?"

"दुसरीकडून येतील. वेळेवर येतील."

"आणि खड्डे?"

"खड्डे काय, तुमचे आहेतच. असे खड्डे कुणाकडे आहेत?"

"तेच म्हणतो," मुकादम म्हणाला. "मग तीही मरतील."

त्याने दगडामागून एक पोते ओढले आणि त्यातून काल खणलेले मूळ काढले. दोन्ही हातांत धरून तो तिसऱ्या ओळीत गेला. सगळे मागोमाग गेले. ते रोप जिथून निघाले होते त्या रिकाम्या खड्ड्यात त्याने ते मूळ सोडले. ते आत बसले. भांड्यावर त्याचेच झाकण बसावे तसे बसले. कडेला बोट घालायलाही जागा उरली नाही.

बाई गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी खड्ड्याच्या भिंतीवरून तळहात फिरवला, एकदा, मग उलटा पुन्हा एकदा, आणि नखाने खरवडून पाहिले. नख घसरले.

"भिंतीकडची ओळसुद्धा तुमच्याच पिशव्यांतली होती," मुकादम म्हणाला. "तीच रोपं, तेच दोन महिने. फक्त ते खड्डे वाकडे आहेत."

मावशीने पदराने तोंड पुसले. डंपरवाल्याला मात्र राहवले नाही.

"मुकादम, बाई आपणहून मान पुढं करतात, तुम्ही मध्ये कशाला पडता? अठरा घरं आहेत!"

"अठरा घरं आहेत म्हणूनच. आज बाईंच्या नावावर घातलं. पुढच्या वर्षी कुणाच्या नावावर घालायचं? उन्हाच्या?"

"तेव्हाचं तेव्हा बघू की."

"तेव्हा बघायचं म्हणजे आणखी पाचशे झाडं मारून बघायचं."

डंपरवाल्याची नजर पायरीभर पसरलेल्या पांढऱ्या चिंध्यांवरून फिरली आणि तो खाली बसला. एका बाजूला मेव्हणा टाकीच्या नळाखाली ओंजळ धरून उभा होता. पाणी ओंजळीतून वाहून चालले होते आणि तो ते पीत नव्हता.

"मुकादम," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "हे लिहिलं तर दोष टोळीवर येतो. अट तुम्हाला माहीत आहे."

"टोळीवर कसा? टोळीनं मी सांगितलं तसं केलं. ज्यानं केलं नाही त्याला मी पाण्यावर बसवलं." त्याने कागद त्यांच्या हातात परत दिला. "सांगणारा एकटा होता. तसं लिहा. मग मी सही करतो."

बाईंनी तिथेच, दगडावर वही टेकवून, दुसरा अहवाल लिहिला. रोपे उशिरा दिल्याचेही त्यांनी त्यात ठेवले. मुकादमाने ते काढायला सांगितले, त्यांनी ऐकले नाही. दोघांनी सह्या केल्या. मुकादमाने पेन पहारीसारखे उभे धरले होते.

उत्तर यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत टोळीतील निम्मी माणसे मुकादमाशी कामापुरतेच बोलली. ठेकेदाराचा माणूस एकदा येऊन वरच्या पायऱ्यांची मापे घेऊन गेला. मापे घेताना तो शीळ घालत होता, आणि ती शीळ खाणीच्या कड्यांवर आपटून दुप्पट मोठी होऊन परत येत होती. मुकादम त्या दिवशी मेलेली रोपे खणून काढत राहिला.

दहाव्या दिवशी बाईंनी पत्र आणले. अकरा ओळी पुन्हा लावाव्यात. टोळी तीच राहील, रोपवाटिका तीच राहील, मोजणी पुन्हा एक वर्षाने होईल आणि वरच्या पायऱ्यांचा विचार त्यानंतर. तोवर ठेकेदारास थांबण्यास कळवले आहे. सरतेशेवटी एक ओळ होती, ती बाईंनी जरा थांबून वाचली. खोदकामावरील देखरेख बदलावी, व ज्याची ओळ जगली आहे त्याच्याकडे ती सोपवावी.

सर्वांनी मेव्हण्याकडे पाहिले.

"मी?" मेव्हणा म्हणाला. "अहो, मला स्वतःवर देखरेख करता येत नाही!"

मावशी खो खो हसली, मग सगळेच हसले, मुकादमही थोडासा. हसणे ओसरल्यावर त्याने गळ्यातली मुकादमपणाची शिट्टी काढून मेव्हण्याच्या गळ्यात घातली आणि तो पहारींच्या ढिगाकडे गेला. एक पहार उचलून त्याने तिचे वजन हातात तोलले.

दुसऱ्या दिवशी जुन्या खड्ड्यांच्या मधल्या जागेत नवे खड्डे खणण्याचे काम सुरू झाले. मेव्हणा ओळींमधून फिरत होता. हुकूम कसा द्यावा हे त्याला उमजत नव्हते, तो एखाद्या खड्ड्यापाशी उकिडवा बसे, आत पाही, "इथं का बरं थांबलास? इथून जाऊ देत होती की," असे काहीसे पुटपुटे आणि पुढे सरके. तथापि वर्षानुवर्षांचे वळण एका दिवसात सुटत नाही. माणसे बोलायच्या नादात पहार चालवत आणि खड्डे गोल होत, सरळ होत. डंपरवाल्याने तर सवयीने भिंतीवर पाणीही शिंपडले आणि मग स्वतःच कपाळावर हात मारला.

मुकादम तिसऱ्या ओळीत खणत होता. त्याने निश्चय केला होता की खड्डा वाकडा करायचा. पहिल्या दहा घावांपर्यंत तो निश्चय टिकला. त्यानंतर हात आपल्या वाटेने गेले. कमरेपर्यंत वाकून तो तळाची माती काढत होता तेव्हा त्याच्यावर सावली पडली.

मेव्हणा कडेला उभा होता. त्याने आत पाहिले. त्याने ओठ चावला.

"छान झालाय भाऊजी."

"छान नको. बरोबर आहे का ते सांग."

तेवीस वर्षांच्या नात्यात मेव्हण्याने भाऊजींना कधी नाही म्हटले नव्हते. तो पायाने एक खडा इकडून तिकडे करू लागला. आजूबाजूच्या दोन पहारी थांबल्या.

"नाही," तो म्हणाला.

मुकादमाने मान हलवली. तो खड्ड्याच्या एका बाजूला टेकून उभा राहिला आणि समोरच्या भिंतीकडे पाहू लागला. भिंत निर्दोष होती. त्याने पहार उचलली, खाली घेतली, पुन्हा उचलली. मग डोळे बारीक करून त्याने त्या भिंतीत घाव घातला.

मुरमाचा गुळगुळीत पापुद्रा ताटाएवढा निखळून पडला. मागे दोन दगडांमध्ये एक फट होती, अंधारी, तीन बोटे मावतील एवढी. मुकादमाने पहार बाजूला ठेवली आणि बोटे आत घातली. आत गार होते. बोटे बाहेर काढून त्याने अंगठ्यावर घासून पाहिली. अंगठा ओला झाला.

तो पुन्हा पहार घेऊन उभा राहिला, आणि कुठे मारावे हे त्याला खरोखर कळेना.

"मुकादम," तो वर पाहून म्हणाला, "इथून पुढं कुणीकडं जाऊ?"

मेव्हण्याने चटकन मागे वळून पाहिले, आपल्या पाठीमागे कोण येऊन उभे राहिले आहे ते.